जीआरबीएल मशीन कामाच्या मधेच थांबतं: कन्सोलच्या शेवटच्या ओळीवरून कारण शोधणं

जीआरबीएल म्हणजे आर्डुइनोवर चालणारं, सीएनसी मशीनच्या मोटरी हलवणारं फर्मवेअर. ते वापरणारं ३०१८ सारखं छोटं राउटर (लाकूड कोरणारं मशीन) असो, की आर्डुइनो उनो आणि सीएनसी शिल्ड व्ही३ वर घरी जोडलेलं मशीन, एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. पहिली वीस मिनिटं काम झकास चालतं आणि मग मशीन मधेच थांबतं. त्यावर नेहमीचे सल्ले ठरलेले असतात: यूएसबी केबल बदला, दुसरं सॉफ्टवेअर वापरा, जीआरबीएल पुन्हा टाका. त्यातला एखादा सल्ला अधूनमधून लागूही पडतो, पण तो अंदाज असतो, निदान नव्हे.

मशीन थांबण्याच्या पाच-सहा वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. प्रत्येकीचं कारण वेगळं असतं आणि प्रत्येकीची खूण कन्सोलमधे उमटते. म्हणून मशीन थांबलं की पहिला नियम म्हणजे लगेच रीसेट दाबायचं नाही. युनिव्हर्सल जीकोड सेंडर, कँडल, बीसीएनसी, सीएनसीजेएस यांपैकी जो सेंडर (मशीनला जी-कोडच्या आज्ञा पाठवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल त्याचा कन्सोल, म्हणजे आज्ञा आणि उत्तरं दिसणारी खिडकी, उघडा, शेवटच्या दहा-पंधरा ओळी कॉपी करून ठेवा आणि मगच हात लावा.

(खालच्या सगळ्या आज्ञा आणि अंक देवनागरीत आहेत. कन्सोलमधे टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरा. खालची माहिती जीआरबीएल १.१ ची आहे. $२६, $५ असे $ लावलेले आकडे म्हणजे जीआरबीएलची सेटिंग्ज. तुमच्याकडचं व्हर्जन $आय ही आज्ञा दिल्यावर दिसतं. ०.९ असेल तर आधी १.१ वर या, कारण अलार्मचे संदेश आणि स्टेटसची ओळ ०.९ मधे वेगळी होती.)

शेवटची ओळ काय सांगते

"अलार्म:१" दिसला तर बोर्डाच्या मते लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला बसवलेला स्विच) दाबला गेलाय. स्विच प्रत्यक्षात दाबला गेला होता की नाही, तो प्रश्न वेगळा.

कामाच्या मधेच "जीआरबीएल १.१एच" अशी स्वागताची ओळ आली तर बोर्ड नव्याने सुरू झालाय. इथे एक बारकावा आहे. स्वागताच्या ओळीआधी "अलार्म:३" असेल तर तो सॉफ्ट रीसेट. म्हणजे सेंडरने रीसेट पाठवला किंवा रीसेटच्या ए० पिनवर खोटा सिग्नल आला. "अलार्म:३" नसेल आणि मशीनचे आकडे थेट ०, ०, ० झाले असतील, तर मायक्रोकंट्रोलर खरोखर बंद होऊन चालू झालाय. त्याला आपण मधे कुठे होतो हेच आठवत नाही.

स्टेटसमधे ("?" पाठवल्यावर येणाऱ्या ओळीत) "होल्ड:०" असेल आणि तुम्ही पॉज दाबलं नसेल, तर ए१ म्हणजे फीड होल्डच्या पिनवर गडबड आहे. "~" पाठवा. काम जिथल्या तिथून पुढे सुरू झालं तर निदान पक्कं. या प्रकारात जागा हरवत नाही, त्यातल्या त्यात सौम्य आजार.

"एरर:२०", "एरर:३३" असं काही असेल तर मशीन आणि वायरिंग दोन्ही निर्दोष आहेत. दोष फाइलमधे आहे.

काहीच ओळ नाही, "?" पाठवलं तरी उत्तर नाही आणि पोर्ट यादीतूनच गायब झालाय, तर यूएसबी तुटलंय.

शेवटची तऱ्हा: मशीन थांबतच नाही, कन्सोल स्वच्छ असतो, पण नक्षी सरकलेली निघते. तिथे कन्सोलची काही मदत होणार नाही, तो भाग वेगळा खाली दिलाय.

अलार्म:१, स्विचला कुणी हात लावलेला नसताना

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हा, आणि त्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त.

आधी खरा स्विच आणि खोटा सिग्नल यांतला फरक ओळखा. अलार्म:१ नंतर बोर्ड रीसेटशिवाय दुसरं काही ऐकत नाही, त्यामुळे सॉफ्ट रीसेट द्या आणि मग "?" पाठवा. उत्तर असं येतं:

<अलार्म|एमपॉस:-४५.२००,-३०.०००,-३.०००|एफएस:०,०|पीएन:एक्स>

शेवटी "पीएन:एक्स" आहे, म्हणजे एक्सचा स्विच आत्ता या क्षणीही दाबलेला दिसतोय. मग स्विचमधे भुसा अडकलाय का, लिव्हर वाकलाय का, वायर तुटलीय का ते बघा. पीएनचा भागच नसेल तर स्विच मोकळा आहे आणि अलार्म क्षणभराच्या नॉइजमुळे (वायरीत शिरलेल्या विजेच्या गोंधळामुळे) आला.

"$२६ वाढवा, तो डिबाउन्स (क्षणिक सिग्नलकडे दुर्लक्ष करायचा वेळ) आहे" हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा इथे उपयोग शून्य. $२६ मधले २५० मिलिसेकंद फक्त होमिंगच्या वेळी, म्हणजे मशीन स्विच शोधून आपली जागा ठरवतं तेव्हा, वापरले जातात. काम चालू असताना हार्ड लिमिटला (स्विच लागताच मशीन थांबवणाऱ्या सोयीला) डिबाउन्स मुळात नसतोच. पिनची पातळी बदलली की इंटरप्ट लागतो आणि मशीन जागीच मरतं. एवढा संवेदनशील रस्ता आणि त्याला आधार कसला, तर एटीमेगा३२८पी चिपच्या आतल्या पुल-अपचा (पिन वर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरचा), म्हणजे २० ते ५० किलोओहमचा. स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) वायरीला लागून मीटरभर धावणारी स्विचची वायर म्हणजे अँटेनाच, आणि हा पुल-अप तिच्यापुढे टिकत नाही.

उपाय या क्रमाने करा:

१. स्विचची वायर स्पिंडल आणि स्टेपरच्या वायरींपासून वेगळी काढा. एकाच ड्रॅग चेनमधून न्यावीच लागत असेल तर शिल्डेड वायर घ्या आणि शिल्ड फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंडला जोडा. दोन्ही टोकांना जोडलं तर ग्राउंड लूप होऊन नवीच भानगड सुरू होते.

२. प्रत्येक लिमिट पिन आणि ग्राउंड यांमधे बोर्डाच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. त्यावर १०४ लिहिलेलं असतं. सोबत पिन आणि ५ व्होल्ट यांमधे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. तीन अक्षांचे मिळून तीन कपॅसिटर, तीन रेझिस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतात, आणि बरीच मशीनं एवढ्यावरच सुधारतात.

३. स्विच एनओ (एरवी उघडा) ऐवजी एनसी (एरवी जोडलेला) पद्धतीने जोडा आणि $५=१ करा. एनसीमधे स्विच मोकळा असताना पिन थेट ग्राउंडला बांधलेली असते, त्यामुळे नॉइजला तिला उचलणं जड जातं. शिवाय वायर तुटली तर लगेच कळतं. एनओमधे तुटलेली वायर कळते ती गँट्री (मशीनची सरकती कमान) टोकाला आदळल्यावर. $५ बदलायचं विसरलात तर बोर्ड चालू करताच तिन्ही अक्ष दाबलेले दिसतील, "पीएन:एक्सवायझेड".

४. एवढं करूनही अलार्म येत असेल तर ऑप्टोकप्लर बोर्ड (सिग्नल प्रकाशाने पोचवून वीज वेगळी ठेवणारा). व्हीएफडीवरचा (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरचा) स्पिंडल असेल तर कपॅसिटरमधे वेळ न घालवता थेट इथेच या.

सोर्समधल्या कॉन्फिग फाइलमधे सॉफ्टवेअर डिबाउन्सची एक ओळ कॉमेंट करून ठेवलेली असते. ती उघडून जीआरबीएल पुन्हा चढवलं तर बोर्ड पिन बदलल्यावर सुमारे ३२ मिलिसेकंद थांबून पुन्हा तपासतो. लक्षण झाकायला हे चालतं. पण जो नॉइज लिमिटच्या पिनवर येतोय तो बाकीच्या पिनांवरही येतच असतो, म्हणून आधी वायरिंग.

आणि $२१=० करून हार्ड लिमिट बंद ठेवले तर? होमिंग चालू, सॉफ्ट लिमिट (स्विचऐवजी आकड्यांवरून पाळलेली हद्द) चालू ($२०=१), $१३० ते $१३२ मधे खरा प्रवास भरलेला, अशी स्थिती असेल तर छोट्या मशीनवर हा अगदी व्यवहार्य मार्ग आहे. स्विच तेव्हा फक्त होमिंगला वापरले जातात, आणि त्या वेळी स्पिंडल बंदच असतो. ३०१८ च्या ताकदीच्या मशीनवर गँट्री टोकाला टेकली तर मोटर नुसती गुरगुरते, मोडत काही नाही. बॉलस्क्रूवाल्या जड मशीनवर मात्र हा धोका पत्करू नका.

बोर्ड मधेच रीसेट होतो

अलार्म:३ शिवाय स्वागताची ओळ आली तर ५ व्होल्टची लाइन खाली बसली का, हे आधी बघा. उनोला ५ व्होल्ट यूएसबीतून मिळतात आणि त्यातूनच स्पिंडलचा किंवा व्हॅक्यूमचा रिले चालवलेला असतो. एका रिलेची कॉइल ७०-८० मिलिअँपियर ओढते, सोबत एलईडी, एखादा पंखा. लॅपटॉपचा पोर्ट आधीच सुस्त असेल तर रिले लागण्याच्या क्षणी बोर्ड मान टाकतो. रिलेला वेगळा ५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर द्या आणि ग्राउंड तेवढं एकत्र ठेवा.

दुसरं कारण ब्रशची मोटर. ३०१८ वरची ७७५ मोटर किंवा हातातला ट्रिम राउटर, दोन्हींच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात. ७७५ वर ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावायचे: एक दोन टर्मिनलांमधे, बाकीचे दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत. अंगावरचा रंग पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय सोल्डरचा डाग धरत नाही.

तिसरं कारण बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही: व्हॅक्यूम क्लीनरचा प्लास्टिकचा पाइप. एमडीएफ किंवा अ‍ॅक्रिलिकचा कोरडा भुसा त्यातून वेगाने जातो तेव्हा पाइपवर स्थिर वीज साठते आणि ती मशीनच्या फ्रेमवर उडी मारते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हिवाळ्यात हा त्रास जास्त, कोकणात भर पावसाळ्यात जवळपास नाही. म्हणून "जूनमधे ठीक चालत होतं, डिसेंबरात बिघडलं" अशी तक्रार आली की नजर आधी पाइपकडे वळवायची. पाइपच्या आतून किंवा बाहेरून उघडी तांब्याची वायर गुंडाळत न्या आणि ती अर्थिंगला जोडा. मशीनची फ्रेमही अर्थिंगला जोडा. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलवर अ‍ॅनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहत नाही, त्यामुळे नुसता स्क्रू कसून भागत नाही. मल्टिमीटरने कंटिन्युइटी तपासा.

ही सगळी खटपट घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे या भरवशावर चाललेली असते. जुन्या वायरिंगमधे तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

अलार्म:३ सह रीसेट येत असेल, किंवा "होल्ड" आपोआप लागत असेल, तर ए० आणि ए१ या वापरात नसलेल्या पिना लिमिटच्या पिनांसारख्याच बांधा. शिल्डवर त्या अ‍ॅबॉर्ट आणि होल्ड नावाने असतात. तोच ४.७ किलोओहम ५ व्होल्टला, तोच १०४ ग्राउंडला.

यूएसबी तुटतं

पोर्टच गायब होत असेल तर विंडोजमधे दोन जागा बघा. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमधे "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमधे प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे" अशा अर्थाची टिक काढा. झोपेचा टायमर तर बंद हवाच.

केबल दीड मीटरपेक्षा लांब नको, दोन्ही टोकांना फेराइट असलेली घ्या आणि स्पिंडलच्या वायरीला समांतर नेऊ नका. मग एक फुकटची चाचणी: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर तेच काम चालवा. त्रास गेला तर चार्जर आणि मशीनचा सप्लाय यांच्यात ग्राउंड लूप आहे. अशा वेळी यूएसबी आयसोलेटर घ्यावा. एडीयूएम३१६० चिपचा साधा आयसोलेटर पुरतो, कारण बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपला त्याहून जास्त वेग लागतच नाही.

पोर्ट मुळात दिसतच नसेल, म्हणजे नवं मशीन पहिल्यांदाच जोडताय, तर बात सोपी आहे. विंडोजवर सीएच३४० चा ड्रायव्हर टाका. उबुंटू २२.०४ वर बीआरएलटीटीवाय नावाचा ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्राम सीएच३४० ला आपलंच उपकरण समजून पळवतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर तो काढून टाका, आणि आपला यूजर डायलआउट गटात घालून एकदा लॉगआउट करा. पोर्ट दिसतो पण "व्यस्त" म्हणतो? मागे आर्डुइनोचा सीरियल मॉनिटर उघडा राहिलाय. जोडलं जातं पण कचरा अक्षरं येतात? बॉडरेट १,१५,२०० ठेवा.

एक लक्षात असू द्या: उनोचा पोर्ट बंद करून पुन्हा उघडला की बोर्ड आपोआप रीसेट होतो. काम चालू असताना सेंडर बंद करून "फक्त बघायला" दुसरा उघडला की जागा गेलीच.

एरर: दोष फाइलचा

फाइल लोड करून $सी पाठवा. मशीन तपासणीच्या मोडमधे जातं. आता फाइल चालवली की मोटर हलत नाही, पण प्रत्येक ओळ तपासली जाते. संपल्यावर पुन्हा $सी. लाकूड वाया घालवण्याआधी दोन मिनिटांचं काम.

एरर:२० म्हणजे जीआरबीएलला न कळणारी आज्ञा. नेहमीचे गुन्हेगार तीन: टूल लांबीचा जी४३ (जीआरबीएलला फक्त जी४३.१ कळतो), ड्रिलिंगचे जी८१-जी८३ आणि टूल बदलायचा एम६. एम६ सेंडरने मधेच गाळला नाही तर तोही अडकतो. एकेक ओळ हाताने पुसत बसू नका. कॅममधे (नक्षीवरून जी-कोड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे) पोस्ट प्रोसेसर, म्हणजे मशीननुसार कोड लिहिणारा भाग, जीआरबीएलचा निवडा, बहुतेकदा सगळं एकदम मिटतं. एरर:३३ वर्तुळाकार चालीत येतो. इंच-मिलिमीटरची गल्लत किंवा दशांश स्थळं फार कमी, हे आधी बघा. एरर:९ स्वतः आजार नाही, मशीन अलार्ममधे असताना तुम्ही कोड पाठवताय एवढंच.

कसलाही एरर न देता घात करणारी आज्ञा मात्र जी२८ आहे. फ्यूजन ३६० चा पोस्ट फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी "जी२८ जी९१ झेड०" अशी ओळ घालू शकतो. अर्थ: झेड वर घेऊन मशीनच्या ठरवलेल्या जागी ने. ती जागा तुम्ही ठरवलेली नसेल तर ती मशीन शून्य असते. होमिंग नसलेल्या मशीनवर मशीन शून्य म्हणजे चालू करताना टूल जिथे होतं ती जागा. चालू करताना टूल लाकडाला टेकलेलं असेल, तर "सुरक्षित" माघारीच्या नावाखाली बिट कामाच्या अंगावर खाली येतं. पोस्टच्या पर्यायांमधे सेफ रिट्रॅक्ट "क्लिअरन्स हाइट" वर ठेवा, जी२८ ची ओळच उमटणार नाही.

होमिंगचे अलार्म, थोडक्यात

अलार्म:९, स्विच सापडलाच नाही. झेडच्या बाबतीत आणि शिल्ड व्ही३ असेल तर कारण जवळपास ठरलेलं आहे. ०.९ पासून जीआरबीएलने स्पिंडलचा पीडब्ल्यूएम (वेगाचा सिग्नल) डी११ वर आणि झेड लिमिट डी१२ वर नेला, पण शिल्डवरची छपाई जुनीच राहिली. झेड लिमिटची वायर "झेड-" ऐवजी "एसपीएनइएन" लिहिलेल्या पिनेवर लावा. बाकी अक्षांवर अलार्म:९ आला तर $१३० मधला प्रवास खऱ्यापेक्षा कमी भरलाय का, ते बघा. मशीन त्याच्या दीडपट अंतरच शोधतं.

अलार्म:८, स्विचपासून मागे सरूनही स्विच सुटला नाही. $२७ मधला १ मिमी लांब लिव्हरच्या स्विचला पुरत नाही, ३ करा.

अलार्म:२, सॉफ्ट लिमिट. होमिंगनंतर मशीनचे आकडे ऋण असतात, ० पासून -३०० पर्यंत. हे बिघडलेलं नाही, जीआरबीएलचा तसाच रिवाज आहे. कामाचं शून्य वेगळं लावलेलं आहे ना, आणि मागच्या बाजूला फाइलइतकी जागा उरते ना, एवढंच तपासा.

थांबत नाही, पण नक्षी सरकते

इथे पहिलं काम म्हणजे मार्कर पेन. प्रत्येक मोटरचा शाफ्ट, कपलर आणि लीडस्क्रू यांवरून एक सरळ रेघ ओढा. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर ग्रब स्क्रू घसरलाय. शाफ्टची चपटी बाजू बघून स्क्रू तिच्यावरच कसा, निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब द्या. फर्मवेअरच्या नावाने खडे फोडण्याआधी हे एवढं करा.

रेघ शाबूत असेल तर स्टेप हुकताहेत. ड्रायव्हरचा (मोटरला वीज देणाऱ्या छोट्या बोर्डाचा) करंट मोजा. ए४९८८ वर दोन छोटे रेझिस्टर असतात. त्यांवर आर१०० असेल तर व्हीरेफ (करंट ठरवणारा संदर्भ व्होल्टेज) = करंट × ०.८, म्हणजे १ अँपियरला ०.८० व्होल्ट. आर०५० असेल तर तेवढ्याच करंटला ०.४० व्होल्ट. डीआरव्ही८८२५ ला व्हीरेफ = करंट ÷ २. मल्टिमीटरची काळी पिन सप्लायच्या ग्राउंडवर, लाल पोटेन्शिओमीटरवर. करंट कमी पडला तर स्टेप हुकतात आणि जास्त झाला तर ड्रायव्हर तापून स्वतःला बंद करतो, थंड झाला की पुन्हा सुरू. मोटर एखादा क्षण सैल पडून पुन्हा चालू लागते, तो हा प्रकार. ए४९८८ ला हीटसिंक आणि वारा नसेल तर १ अँपियरच्या वर जाऊ नका. सप्लाय चालू असताना मोटरची पिन काढायची नाही, ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो.

मग वेगाचा हिशोब. ३०१८ वरच्या टी८ स्क्रूचा लीड (एका फेरीत सरकणारं अंतर) बहुधा ४ मिमी. मोटरच्या २०० स्टेप, १/१६ मायक्रोस्टेप, म्हणजे २०० × १६ ÷ ४ = ८०० स्टेप प्रति मिमी. मिनिटाला १००० मिमी वेग धरला तर सेकंदाला १३,३३३ स्टेप. उनोवर जीआरबीएलची मर्यादा सुमारे ३०,००० आहे, म्हणजे बोर्ड २००० मिमीपर्यंत पोचेल. मोटर पोचेलच असं नाही. $११० ते $११२ मधे ८०० ठेवून बघा. $१२० ते $१२२ चा प्रवेग १० पासून सुरू करा, हळूहळू वाढवा, आणि जिथे स्टेप हुकू लागतील तिथून तीस टक्के खाली थांबा. झेडला नेहमी एक्स-वायपेक्षा कमी ठेवा, कारण त्यावर स्पिंडलचं वजन लटकलेलं असतं. थांबल्यावर झेड आपोआप खाली सरकत असेल तर $१=२५५ करा, मोटरी धरून राहतात.

माप बरोबर दुप्पट किंवा निम्मं येतंय? मायक्रोस्टेपचा जंपर राहिलाय किंवा लीड ८ आहे. १०० मिमीला ९९.२ येतंय? "$१०० ला ८०६.४५ करा" असं कुणीतरी सांगेलच. करू नका. स्क्रू आठ दशांशाने चुकत नाही. मोजपट्टी, बॅकलॅश (नट-स्क्रूमधला सैलपणा) किंवा टूलचा व्यास चुकतो. जीआरबीएल बॅकलॅश भरून काढत नाही, तेव्हा अँटी-बॅकलॅश नटच नीट करावा लागतो. पट्ट्यावर चालणाऱ्या अक्षाला मात्र असं कॅलिब्रेशन रास्त आहे, पट्टा ताणला जातो.

स्पिंडल प्रत्येक जलद चालीला बंद पडून पुन्हा सुरू होतो? $३२=१ राहिलंय. तो लेसरचा मोड. मिलिंगला $३२=०, लेसरला पुन्हा १. स्पिंडलचा वेग अर्धवट वाटला तर $३० आणि फाइलमधला एसचा कमाल आकडा जुळतात का ते बघा.

नॉइज नक्की कुठून येतो

एकच फाइल चार वेळा चालवा. आधी हवेत, स्पिंडल बंद. मग हवेत, स्पिंडल चालू. मग व्हॅक्यूमसह. शेवटी लाकडात. पहिल्याच फेरीत थांबलं तर कारण यूएसबी किंवा सप्लाय. दुसऱ्या फेरीत थांबलं तर स्पिंडल. तिसऱ्यात व्हॅक्यूम किंवा स्थिर वीज. फक्त चौथ्यात अडलं तर ते नॉइजचं नाही, भार जास्त पडतोय: फीड (कापण्याचा वेग) किंवा खोली कमी करा. या चार फेऱ्यांना तास-दीड तास जातो, पण नंतर भलतेच सुटे भाग मागवावे लागत नाहीत.

अर्धवट काम पुढे नेणं

अलार्म:१ आल्यावर नुसतं $एक्स (अलार्मचं कुलूप उघडायची आज्ञा) देऊन पुढे जाऊ नका. मोटर धावत असताना ती एकदम तोडली गेलीय, स्टेप हुकलेल्या असू शकतात. सॉफ्ट रीसेट, मग $एच (होमिंग). कामाचं शून्य जी१० एल२० पी१ ने लावलेलं असेल तर ते ईप्रॉममधे टिकलेलं असतं. मधे वीज गेली तरी होमिंगनंतर ते जसंच्या तसं मिळतं. जी९२ ने लावलेलं शून्य रीसेटला पुसलं जातं, म्हणून ज्या घरात लाइट जाते तिथे जी९२ नकोच. होमिंग नसलेल्या मशीनवर काम सुरू करण्याआधी खालच्या एमडीएफ तक्त्यात, कामाच्या बाहेर, शून्यापासून ठरावीक अंतरावर ३ मिमीचं एक भोक पाडून ठेवा. परत शून्य शोधायला त्याच भोकात त्याच जाडीची पिन उतरवायची.

फाइल मधल्या ओळीपासून सुरू करताना वरच्या ओळींमधले मोड हरवतात. आधी हाताने पाठवा: जी२१ जी९० जी५४, मग झेड सुरक्षित उंचीवर, मग एम३ आणि एसचा आकडा, स्पिंडलला पूर्ण वेग घ्यायला पाच सेकंद, आणि पहिल्या कापणीच्या ओळीवर एफ आहे ना ते बघा. नसेल तर एरर:२२ येतो. थांबलेल्या ओळीपासून नव्हे, तर त्याआधी झेड जिथे वर आला होता त्या ओळीपासून सुरू करा. बोर्डाच्या बफरमधे पंधराएक चाली आगाऊ भरलेल्या असतात, त्यामुळे सेंडर दाखवतो ती ओळ प्रत्यक्ष कापलेल्या ओळीच्या पुढची असते.

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायचं असेल, तर $आय आणि $$ (सगळ्या सेटिंग्जची यादी) यांचं पूर्ण उत्तर, कन्सोलच्या शेवटच्या वीस ओळी, चारपैकी कोणत्या फेरीत थांबलं ते आणि वायरिंगचा एक फोटो सोबत द्या. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो नको, ओळी कॉपी करून पाठवा.